चौथ्या डाउनला हातातला बॉल देऊन टाकायचा कशासाठी?

२८ जानेवारी २०२४ ची ती रात्र मिशिगनमध्ये राहणारं कुणी विसरेल असं वाटत नाही. आमच्या बेसमेंटमध्ये दहा-बारा जण अमेरिकन फुटबॉलच्या सामन्यासाठी टीव्हीला डोळे लावून बसले होते. हाफटाइमला डेट्रॉइट लायन्स सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध २४-७ ने पुढे. १९५७ नंतर जिने अजिंक्यपद पाहिलेलं नाही, सुपर बोलमध्ये, म्हणजे अंतिम सामन्यात, जी एकदाही पोचलेली नाही, ती आपली टीम आता तिथून फक्त अर्ध्या सामन्यावर होती.

तिसऱ्या क्वार्टरमध्ये २४-१० असताना आमचा चौथा डाउन, म्हणजे चौथा आणि शेवटचा प्रयत्न, आला. दोन यार्ड हवे होते आणि बॉल सॅन फ्रान्सिस्कोच्या २८ यार्ड रेषेवर. सगळे म्हणत होते, फील्ड गोल मारा (बॉल लाथेने गोलच्या खांबांमधून घालवा), ३ पॉइंट घ्या. कोच डॅन कॅम्पबेलने किकरला बोलावलंच नाही. जॅरेड गॉफचा पास जॉश रेनल्ड्सच्या हातात आला आणि निसटला. तिथून सामना फिरला. चौथ्या क्वार्टरमध्ये ३ पॉइंटनी मागे असताना कॅम्पबेलने पुन्हा तेच केलं, पुन्हा फसलं, आणि लायन्स ३४-३१ ने हरले. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या किचनमध्ये एकच वाक्य ऐकू येत होतं: कोचने जुगार खेळून आमचं वाटोळं केलं.

मला हे तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

भारतातल्या मित्रांसाठी थोडक्यात सांगतो. या खेळात १० यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात, त्यांना डाउन म्हणतात. तीन प्रयत्नांत जमलं नाही, तर चौथ्याला बहुतेक कोच पंट करतात, म्हणजे लांब लाथ मारून बॉल स्वतःहून समोरच्यांना देतात. गोल जवळ असेल तर फील्ड गोल मारून ३ पॉइंट घेतात. खेळायचं ठरवलं आणि फसलं, तर बॉल जागच्या जागी समोरच्यांचा. लोक याला जुगार म्हणतात. पण या खेळात सगळ्यात मौल्यवान वस्तू असते ती हातातला बॉल. तो आपणहून देऊन टाकणं मात्र कुणाला जुगार वाटत नाही.

साधा हिशोब करू. बॉल गोलपासून १ यार्डावर आहे आणि चौथा डाउन आहे. फील्ड गोलचे ३ पॉइंट जवळजवळ नक्की. टचडाउन झाला, म्हणजे बॉल गोलरेषेपलीकडे नेला, तर जादा किकसकट ७. म्हणजे सातपैकी तीन वेळांपेक्षा थोडं जास्त जमलं, तरी खेळणंच फायद्याचं. एक यार्ड हवा असताना एनएफएलच्या, म्हणजे इथल्या व्यावसायिक लीगच्या, टीम निम्म्याहून जास्त वेळा यशस्वी होतात. शिवाय फसलं तरी समोरच्यांना स्वतःच्या गोलला पाठ टेकवून सुरुवात करावी लागते. फेब्रुवारी २०१८ च्या सुपर बोलमध्ये फिलाडेल्फियाचा कोच डग पीडरसन याने नेमक्या याच जागेवर, हाफटाइमला ३८ सेकंद उरलेले असताना खेळायचं ठरवलं. एरवी पास टाकणारा क्वार्टरबॅक निक फोल्स, त्यानेच पास झेलून टचडाउन केला. न्यू इंग्लंडवर ४१-३३ असा विजय मिळाला आणि पीडरसन शूर ठरला. फोल्सच्या हातून तो बॉल सुटला असता तर? निर्णय तोच राहिला असता, पण लोकांनी पीडरसनला फाडून खाल्लं असतं.

बर्कलीचे अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड रोमर यांनी यावर अभ्यास करून २००६ मध्ये शोधनिबंध छापला. स्कोअर आणि घड्याळाचं दडपण हिशोबात येऊ नये म्हणून त्यांनी फक्त पहिल्या क्वार्टरचे डाव घेतले. निष्कर्ष असा, की जिथे खेळणं फायद्याचं होतं, तिथेही कोच बहुतेक वेळा लाथच मारत होते. कारण मला तरी उघड दिसतं. पंट करून हरलं तर खापर खेळाडूंवर फुटतं, खेळून हरलं तर कोचवर. नोकरी सांभाळायची असेल तर पंट सोयीचा. मला राग येतो तो याचाच.

मी सांगलीचा, कबड्डी बघत वाढलो. प्रो कबड्डीत सलग दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत गुण आणावाच लागतो, नाहीतर चढाईपटू बाद. हा नियम करावा लागला, कारण मोकळीक असली की माणूस मध्यरेषेजवळ घुटमळून परत येतो. अमेरिकन फुटबॉलमध्ये अशी सक्ती नाही. तिथे कोचलाच छाती दाखवावी लागते.

मी स्वतः या मताचा कायम नव्हतो. २००९ मध्ये इथे नवीन आलो तेव्हा नोव्हेंबरातला न्यू इंग्लंड-इंडियानापोलिस सामना पाहिला होता. न्यू इंग्लंडचा कोच बिल बेलिचिक ६ पॉइंटनी पुढे, २ मिनिटं ८ सेकंद बाकी, चौथा डाउन, दोन यार्ड हवेत आणि बॉल स्वतःच्याच २८ यार्ड रेषेवर. तो खेळला, थोडक्यात फसला आणि ३५-३४ ने हरला. मीही त्याला वेडा म्हणालो होतो. पण समोर इंडियानापोलिसचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग होता. दोन यार्ड मिळाले असते तर मॅनिंगला बॉल जवळपास मिळणारच नव्हता. पंट केला असता तर तो ७० यार्डांवरून दोन मिनिटांत आला नसता, याची खात्री कुणी दिली असती?

प्रत्येक वेळी खेळाच, असं मी म्हणत नाही. आठ-नऊ यार्ड हवे असतील आणि बॉल स्वतःच्या गोलपाशी असेल, तर पंटच करावा. कॅम्पबेलच्या त्या रात्रीच्या दुसऱ्या निर्णयावर मीही अजून अडखळतो. तीन यार्ड हवे होते, फील्ड गोलने बरोबरी झाली असती. मी कदाचित किक मारली असती. पण पहिला निर्णय शंभर टक्के योग्य होता. पास रेनल्ड्सच्या हातापर्यंत पोचला होता. कोचने यापेक्षा जास्त काय करायचं?

त्या पराभवानंतर कॅम्पबेल बदलला नाही. ५ डिसेंबर २०२४, फोर्ड फील्डवर समोर ग्रीन बे. ३१-३१ अशी बरोबरी, ४३ सेकंद बाकी, चौथा डाउन, एक यार्ड हवा, बॉल त्यांच्या २१ वर. फील्ड गोल सोपा होता, पण मग ग्रीन बेच्या हाती बॉल आणि वेळ दोन्ही गेलं असतं. कॅम्पबेल खेळला. बॉल हातात सोपवता सोपवता गॉफचा पाय अडखळला, तो पडला, पण त्याआधी बॉल डेव्हिड माँटगोमेरीकडे गेला होता. माँटगोमेरी ७ यार्ड पळाला. मग घड्याळ संपू दिलं आणि जेक बेट्सने ३५ यार्डांवरून शेवटची किक मारली.

लायन्स जिंकले, ३४-३१. दहा महिन्यांपूर्वीचाच आकडा. बेसमेंटमध्ये तीच माणसं होती, आणि या वेळी चौथ्या डाउनला किकर बोलवा असं कुणीही म्हणालं नव्हतं.