भुकेच्या पेशी मरत नाहीत, माणूस मात्र घेरी येऊन पडतो

सध्या सोलापुरातल्या घराघरांतल्या फोनवर एक मेसेज फिरतोय. सोबत आवाजाची क्लिप, मागे बासरी. मजकूर थोडक्यात असा: मेंदूत 'भुकेच्या पेशी' असतात, पोटातून निघणारं घ्रेलिन नावाचं विष त्यांना चेतवतं. सलग 21 दिवस संध्याकाळनंतर काहीही न खाता जिरे-ओव्याचा काढा प्यायला की या पेशी उपाशी राहून कायमच्या मरतात. मग वजन आपोआप उतरतं, शुगरची गोळी सुटते. शेवटी 'लेप्टिन वाढवणाऱ्या' पावडरीसाठी मोबाइल नंबर. आणि हे सगळं म्हणे 'अमेरिकेत सिद्ध झालंय'.

माझं मेडिकल आहे. काउंटरवर फोन पुढे करून "ह्यातलं खरं किती ओ?" असं विचारणारे रोज येतात. तेवढ्यावर लिहायला बसलो नसतो. पण हा मेसेज माझ्या मावशीपर्यंत पोचला. त्याचं पुढे सांगतो.

आधी त्यात जे खरं आहे ते देऊन टाकतो. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग आहे. तिथे भूक चाळवणाऱ्या पेशींचा एक गट आहे, त्यांना एजीआरपी पेशी म्हणतात. त्यांच्या शेजारीच 'आता पुरे' म्हणणाऱ्या पीओएमसी पेशी. जठर रिकामं झालं की रक्तात घ्रेलिन वाढतं आणि पहिल्या गटाला जागं करतं. अंगातल्या चरबीतून येणारं लेप्टिन त्या गटाला गप्प करतं, दुसऱ्याला बळ देतं. लेप्टिन 1994 मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या प्रयोगशाळेत सापडलं, घ्रेलिन 1999 मध्ये जपानी संशोधकांना. म्हणजे मेसेज लिहिणाऱ्याने कुठेतरी काहीतरी वाचलंय, हे कबूल. अर्धं वाचलंय, तिथेच सगळा घोळ आहे.

घ्रेलिन विष नाही. आपलंच शरीर ते बनवतं, जेवणाआधी ते चढतं, जेवल्यावर उतरतं. एवढं पुरे.

आता 'उपाशी ठेवल्यावर पेशी मरतात' हे रत्न घ्या. पोटात काही गेलं नाही की घ्रेलिन वाढतं, लेप्टिन खाली येतं, आणि एजीआरपी पेशी आणखी जोरात काम करू लागतात. त्यांचं कामच ते आहे: अन्न मिळेना झालं की माणसाला उठवून खायला धाडणं. भुकेच्या पेशी मारायला उपाशी राहणं म्हणजे गड्ड्याच्या यात्रेतली गर्दी हटवायला होम मैदानावर आणखी पाळणे उभे करणं. आणि एवढं लांब कशाला जायचं? पंढरपूर आमच्याच जिल्ह्यात. पिढ्यान्‌पिढ्या एकादशी धरणारी माणसं इथे गल्लोगल्ली आहेत. उपवासाने या पेशी मरत असत्या तर द्वादशीला पारण्याच्या पंगतीत वाढप्याची एवढी धावपळ झाली नसती.

बरं, घटकाभर धरून चालू की मेल्या. पुढे काय? हा प्रयोग खरोखर झालेला आहे, आणि मेसेज लिहिणाऱ्याने तेवढाच वाचायचा ठेवला. 2005 मध्ये सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठातल्या रिचर्ड पामिटर यांच्या गटाने तो 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध केला. घटसर्पाच्या जंतूचं विष माणसाच्या पेशींना मारतं, उंदराच्या पेशींवर ते फारसं चालत नाही, कारण त्याला आत शिरायला लागणारं दार उंदराच्या पेशींवर त्या ताकदीचं नसतं. या लोकांनी उंदरांच्या जनुकांत बदल करून ते माणसाचं दार फक्त एजीआरपी पेशींवर बसवलं आणि मग ते विष टोचलं. बाकी मेंदू शाबूत, मेल्या त्या फक्त भुकेच्या पेशी. म्हणजे मेसेजमध्ये जे वचन दिलंय नेमकं तेच.

वाढ झालेल्या उंदरांनी खाणं सोडलं. अन्न समोर होतं, तोंड धड होतं, दात होते. तरी खाईनात. काही दिवसांतच ते वाळत गेले, उपासमारीने मरणाच्या दारात पोचले. तान्ह्या पिल्लांत हाच प्रयोग केला तेव्हा फारसं बिघडलं नाही, कोवळ्या मेंदूने दुसरी वाट काढली. पण मेसेज वाचणारे कोणी तान्हे नाहीत. तेव्हा 'भुकेच्या पेशी कायमच्या मारा' म्हणणाऱ्याने आधी त्या उंदरांचं काय झालं ते सांगावं.

आता मावशीचं. आयुष्यभर विड्या वळलेली बाई, कित्येक वर्षं शुगर आहे. सकाळ-संध्याकाळ ग्लिमेपिराइड असलेली गोळी घेते. मेसेजमध्ये गोळी 21 दिवसांनंतर सुटेल असं म्हटलंय, त्यामुळे तिने गोळी नेमाने घेतली, भाकरी तेवढी सोडली आणि वर काढा प्यायली. रात्री वहिनीचा फोन: "भाऊजी, आईंना दरदरून घाम सुटू लालाय, हात कापू लालेत, काय बोलतायत तेच कळंना." घरातल्या मशीनवर साखर बघायला लावली. 52. चार चमचे साखर पाण्यात कालवून पाजायला सांगितलं, पंधरा मिनिटांनी पुन्हा बघायला लावलं, आकडा वर आल्यावर दूध-भाकरी. मावशी थोडी सावरल्यावर फोनवर मलाच म्हणाली, "अरे, पेशी मरताना असंच होतंय म्हणून लिहिलंय की त्यात!"

आणि खरंच लिहिलंय. मी मुळातून वाचलं: "घाम, थरथर, डोकं हलकं वाटणं ही भुकेच्या पेशी मरत असल्याची खूण आहे. घाबरू नका, मध्येच काही खाऊ नका." हे वाक्य वाचून माझं डोकं फिरलं. रक्तातली साखर धोकादायक उतरल्याची जी लक्षणं, तीच याने यशाची खूण म्हणून विकलीत. बाकी सगळा मेसेज एका बाजूला आणि हे एक वाक्य एका बाजूला.

कारण समजून घ्या. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड या जातीच्या गोळ्या स्वादुपिंडाकडून इन्सुलिन सोडवून घेतात. तुम्ही जेवलात की नाही हे त्या विचारत नाहीत. इन्सुलिनच्या इंजेक्शनचंही तेच. त्यामुळे गोळी घेतली आणि ताट सोडलं की साखर कोसळते. 70 च्या खाली गेली की धोका सुरू. अशा वेळी माणूस शुद्धीत असेल, गिळता येत असेल तर लगेच साखर किंवा ग्लुकोज द्यायचं. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. नुसती मेटफॉर्मिन घेणाऱ्यांत हा प्रकार क्वचित होतो, म्हणून 'आमच्या शेजारणीला तर काही झालं नाही' हे उत्तर चालत नाही. तिची गोळी वेगळी असेल. रोजे धरणारे, एकादशी करणारे शुगरचे पेशंट आधी डॉक्टरांकडून डोस आणि वेळ बदलून घेतात, ते याचसाठी.

पावडरीवर फार शाई घालवत नाही. लेप्टिन हे प्रथिन आहे. तोंडाने घेतलं तर पोटात ते डाळीतल्या प्रथिनासारखंच पचून जाईल. जन्मतःच लेप्टिन न बनणारी अगदी मोजकी मुलं असतात, त्यांना ते इंजेक्शनने देतात आणि त्यांची आवरत नसलेली भूक खरोखर ताळ्यावर येते. पण आपल्यासारख्या सुटलेल्या पोटांत लेप्टिन कमी नसतं. चरबी जास्त म्हणून तेही जास्तच असतं, मेंदू त्याला जुमानत नाही एवढंच. तेव्हा वाढवायचं काय आणि कशाला?

एक मुद्दा मात्र नाइलाजाने मान्य करतो. मेसेजमध्ये 'रात्री दहाला झोपा' असं आहे. शिकागो विद्यापीठात 2004 मध्ये 12 निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिलं, तर पुरेशा झोपेच्या तुलनेत लेप्टिन 18 टक्के उतरलं, घ्रेलिन 28 टक्के चढलं, भूकही वाढली. छोटा अभ्यास आहे, पण झोपेचा सल्ला वाईट नाही. फक्त यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्याने तो कसा पाळायचा हे बासरीवाल्या आवाजाने सांगितलेलं नाही. काढाही निरुपद्रवी आहे, खुशाल प्या, जेवल्यावर प्या.

हल्ली आणखी एक प्रश्न येतो: "मग ती वजनाची नवी इंजेक्शनं तरी पेशी मारतात का?" नाही. सेमाग्लुटाइड हे आतड्यातून येणाऱ्या जीएलपी-1 या हार्मोनची नक्कल करतं आणि मेंदूतल्या पेशींना पोट भरल्याचा निरोप देतं. पेशी जिवंतच राहतात. म्हणून तर 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, इंजेक्शन बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आला. आणि हे औषध डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय मिळत नाही, निदान माझ्या दुकानात तरी नाही.