‘पक्ष कधी बदललेच नाहीत’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

हा मजकूर मला आतापर्यंत चार ग्रुपांवर आला. दोन ग्रुप अमेरिकेतल्या मराठी मंडळींचे, एक शाळेचा, एक घरचा. पाठवणारी सगळी माणसं जवळची आहेत आणि कुणाचाही हेतू वाईट नाही, म्हणून सविस्तर लिहिते आहे. मजकूर थोडक्यात असा:

“गुलामगिरी डेमोक्रॅट पक्षाची, गुलामांना सोडवणारे लिंकन रिपब्लिकन. 1964 च्या नागरी हक्क कायद्याला विरोध केला तोही डेमोक्रॅटांनीच. पुढे दोन्ही पक्षांनी जागा बदलल्या ही थाप आहे. काळ्या मतदारांना भीती घालून एकाच पक्षाला बांधून ठेवलं आहे. ओबामा दोनदा निवडून आले, म्हणजे वर्णभेद संपला. आता जुनं उकरणारेच फूट पाडतात. आपल्या फुल्यांनीसुद्धा 1873 सालीच अमेरिकेला शाबासकी दिली होती.”

मी जॉर्जियात राहते आणि इथेच मत देते. या राज्यात हा इतिहास घरोघरी आहे.

लिंकन रिपब्लिकन होते आणि दक्षिणेत गुलामगिरीची पाठराखण करणारा पक्ष डेमोक्रॅट होता, हे खरंच आहे. उलट फॉरवर्ड इथे कमी सांगतो. 1890 मध्ये मिसिसिपीने नवी राज्यघटना केली. मत द्यायचं तर दोन डॉलर पोल टॅक्स भरायचा, शिवाय घटनेतलं एखादं कलम वाचून दाखवायचं किंवा ऐकून त्याचा अर्थ सांगायचा. सांगितलेला अर्थ बरोबर की चूक, हे ठरवणार नोंदणी करणारा गोरा अधिकारी. लुइझियानात 1896 साली 1,30,334 काळे मतदार नोंदलेले होते. 1898 च्या नव्या घटनेनंतर, 1900 साली त्यांतले 5,320 उरले. हे सगळं डेमोक्रॅटांनी केलं आणि त्या पक्षाच्या आजच्या समर्थकांनी ते मान खाली घालून वाचायला हवं.

नॉर्थ कॅरोलायनातल्या विल्मिंग्टन शहराबद्दल मात्र जरा थांबून सांगते, कारण भीती कशी पेरली जाते ते तिथे उघड दिसतं. 1890 च्या दशकात नॉर्थ कॅरोलायनात कर्जाने पिचलेले गोरे शेतकरी पॉप्युलिस्ट पक्षात गेले आणि त्या पक्षाने रिपब्लिकनांशी, म्हणजे मोठ्या प्रमाणात काळ्या मतदारांशी, हातमिळवणी केली. या युतीने राज्य जिंकलं. गरीब गोरा आणि काळा एकाच बाजूला मत देऊ लागले, तेव्हा त्यांना तोडायचं कसं? 1898 च्या निवडणुकीआधी रॉली शहरातल्या एका मोठ्या वृत्तपत्राने, जोसेफस डॅनियल्स त्याचे संपादक होते, व्यंगचित्रांचा मारा सुरू केला. एका चित्रात पंख पसरलेला राक्षस आहे, त्याच्या पंखांवर ‘निग्रो राज्य’ असं लिहिलंय आणि नखांखाली गोरी माणसं आहेत. तुमच्या बायकामुली सुरक्षित नाहीत, असा प्रचार गावोगाव झाला. निवडणूक जिंकूनही डेमोक्रॅटांचं समाधान झालं नाही. 10 नोव्हेंबरला सशस्त्र गोऱ्या जमावाने विल्मिंग्टनमधलं काळ्यांचं वृत्तपत्र जाळलं, माणसं मारली, आणि रीतसर निवडून आलेल्या नगर प्रशासनाला बंदुकीच्या धाकाने राजीनामे द्यायला लावले. राज्यातले काळे खासदार जॉर्ज हेन्री व्हाइट 1901 मध्ये काँग्रेसमधून बाहेर पडले. त्यानंतर नॉर्थ कॅरोलायनाने काळा प्रतिनिधी निवडला तो थेट 1992 साली. अमेरिकेत भीतीचं राजकारण म्हणतात ते हे, आणि ते कुणी, कधी, कशासाठी केलं याची लेखी नोंद आहे.

आता फुले. ‘गुलामगिरी’ 1873 मध्ये निघालं आणि जोतीरावांनी ते अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केलं, हेही खरं. पण त्या वर्षी अमेरिकेत काय चाललं होतं? 15 व्या घटनादुरुस्तीने काळ्या पुरुषांना मताचा हक्क मिळून तीन वर्षं झाली होती. मिसिसिपीतून हायरम रेव्हल्स सिनेटमध्ये जाऊन आले होते. दक्षिणेत केंद्राचं लष्कर होतं. जोतीरावांनी गौरव केला तो या अमेरिकेचा, आणि आपल्या देशबांधवांनीही तो कित्ता गिरवावा अशी इच्छा त्याच अर्पणपत्रिकेत लिहिली. चारच वर्षांनी, 1877 मध्ये, अध्यक्षपदाच्या वादातल्या तडजोडीत ते लष्करी संरक्षण निघून गेलं आणि मिळालेले हक्क एकेक करून हिरावले गेले. काम संपल्याचा दाखला म्हणून ती अर्पणपत्रिका पुढे करणं हा जोतीरावांवर अन्याय आहे. त्यांचं नाव असं वापरलेलं पाहून मला खरोखर वाईट वाटलं.

1964 च्या कायद्याचं. सिनेटमध्ये तो 73 विरुद्ध 27 मतांनी मंजूर झाला. डेमोक्रॅट 46 बाजूने, 21 विरोधात. रिपब्लिकन 27 बाजूने, 6 विरोधात. फॉरवर्ड इथे थांबतो. तेच आकडे प्रदेशावार मांडून पाहा. पूर्वी फुटून निघालेल्या 11 दक्षिणी राज्यांचे सिनेटर 22. त्यांतल्या फक्त एकाने, टेक्ससच्या राल्फ यारबरो यांनी, बाजूने मत दिलं, आणि ते डेमोक्रॅट होते. दक्षिणेतले एकमेव रिपब्लिकन सिनेटर जॉन टॉवर विरोधात गेले. बाकीच्या देशात डेमोक्रॅट 45 विरुद्ध 1, रिपब्लिकन 27 विरुद्ध 5. मतदान पक्षावर झालंच नाही, ते प्रदेशावर झालं. रिपब्लिकन नेते एव्हरेट डर्कसन यांनी आपली माणसं उभी केली नसती तर दक्षिणेच्या डेमोक्रॅटांनी लांबलचक भाषणं करून साठ दिवस चालवलेला अडथळा मोडला नसता. याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं, मी मनापासून देते. पण विरोधात गेलेल्या सहा रिपब्लिकनांत बॅरी गोल्डवॉटर होते, आणि पुढच्याच महिन्यात त्यांच्या पक्षाने अध्यक्षपदासाठी त्यांनाच उभं केलं.

मग ‘जागा बदलल्या ही थाप’ या मुद्द्याचं काय? 1936 मध्ये मिसिसिपीने डेमोक्रॅट रूझवेल्टना 97 टक्के मतं दिली. 1964 मध्ये त्याच मिसिसिपीने रिपब्लिकन गोल्डवॉटरना 87 टक्के दिली. गोल्डवॉटर देशभर आपटले. त्यांचं स्वतःचं ॲरिझोना सोडलं तर त्यांना फक्त पाच राज्यं मिळाली: लुइझियाना, मिसिसिपी, अलाबामा, जॉर्जिया, साउथ कॅरोलायना. यांतल्या जॉर्जियाने तर त्याआधी रिपब्लिकन उमेदवाराला कधीच जवळ केलं नव्हतं.

“पक्ष बदलणारा सिनेटर एकच, स्ट्रॉम थर्मंड,” असं फॉरवर्डच्या लांबलचक आवृत्तीत आहे. थर्मंड यांनी 1948 मध्ये लष्करातला वर्णभेद संपवणाऱ्या ट्रूमन यांच्याविरुद्ध वेगळी चूल मांडून चार राज्यं जिंकली, 1957 मध्ये नागरी हक्कांच्या विधेयकाविरुद्ध सलग 24 तास भाषण केलं, आणि सप्टेंबर 1964 मध्ये ते रिपब्लिकन झाले. बाकीचे नेते खुर्ची धरून बसले हे बरोबर. ज्येष्ठतेनुसार मिळालेली समित्यांची अध्यक्षपदं कोण सोडेल? पण मतदार सरकले, त्यांची मुलं सरकली, आणि म्हातारे सिनेटर निवृत्त होत गेले तशा जागाही सरकल्या. याला तीस वर्षं लागली. दक्षिणेतल्या प्रतिनिधिगृहाच्या बहुसंख्य जागा रिपब्लिकनांकडे आल्या त्या 1994 मध्ये. सगळं वर्णामुळेच झालं असं मी म्हणत नाही. नवे कारखाने, उपनगरं, चर्च, करांचा प्रश्न, ही कारणंही होती, आणि आयझेनहॉवर यांनी 1952 मध्येच टेक्सस आणि व्हर्जिनिया जिंकलं होतं. तरी वर्णाचा काहीच संबंध नव्हता, हे म्हणणं खुद्द त्या पक्षाच्या अध्यक्षांनाही पटलेलं नाही. जुलै 2005 मध्ये रिपब्लिकन राष्ट्रीय समितीचे अध्यक्ष केन मेलमन कृष्णवर्णीयांच्या नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या जुन्या संघटनेच्या, एनएएसीपीच्या, अधिवेशनात गेले. आपल्या पक्षातल्या काहींनी वांशिक दुहीचा राजकीय फायदा घेतला आणि ते आमचं चुकलं, असं ते जाहीर बोलले. ज्या गोष्टीची पक्षाध्यक्षाने कबुली दिली, ती घडलीच नाही असं आपण दादर-डोंबिवलीतून कशाच्या जोरावर सांगतो?

काळे मतदार बांधलेले आहेत, हा मुद्दा मला सर्वांत जास्त लागतो. 1956 मध्ये सुमारे 39 टक्के काळ्या मतदारांनी आयझेनहॉवरना मत दिलं. 1960 मध्ये निक्सनना 32 टक्क्यांच्या आसपास मिळाली. बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन तेव्हा निक्सनसाठी फिरत होता. ऑक्टोबर 1960 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग इथे जॉर्जियात तुरुंगात होते. केनेडींनी कोरेटा किंगना फोन केला, निक्सन गप्प राहिले, आणि मार्टिनच्या वडिलांनी आपला पाठिंबा बदलला. गोल्डवॉटरच्या वेळी रिपब्लिकनांना मिळालेली मतं सहा टक्क्यांवर आली. कुणी काय केलं ते पाहून या माणसांनी मत बदललं. 1966 मध्ये मॅसॅच्युसेट्सने एडवर्ड ब्रूक या काळ्या रिपब्लिकनला सिनेटमध्ये पाठवलं, म्हणजे दार दोन्ही बाजूंनी उघडं होतं. हिशेब ठेवून मत देणाऱ्याला आपण एरवी जागरूक मतदार म्हणतो.

भीतीचा प्रचार कुणासमोर झाला तेही पाहा. 1983 मध्ये शिकागोत हॅरॉल्ड वॉशिंग्टन हे काळे डेमोक्रॅट महापौरपदाला उभे राहिले, तेव्हा वर्षानुवर्षं डेमोक्रॅट असलेल्या गोऱ्या वस्त्यांनी रिपब्लिकन उमेदवाराला भरभरून मतं दिली. त्याच्या प्रचाराचं घोषवाक्य होतं ‘उशीर होण्याआधी’. 1988 मध्ये रिपब्लिकन उमेदवार बुश यांचे प्रचारप्रमुख ली ॲटवॉटर यांनी तुरुंगातून रजेवर सुटलेल्या एका काळ्या गुन्हेगाराचं नाव देशभर गाजवून अध्यक्षपदाचे डेमोक्रॅट उमेदवार डुकाकिस यांना हरवलं. मेंदूच्या गाठीने मृत्यू समोर दिसू लागला तेव्हा, 1991 मध्ये, ॲटवॉटर यांनी डुकाकिसची जाहीर माफी मागितली.

ओबामांबद्दल थोडक्यात. 2008 च्या मतदानोत्तर पाहण्यांत त्यांना गोऱ्यांची 43 टक्के मतं दिसली, अलाबामात मात्र जेमतेम दहा टक्के. जवळपास पूर्ण गोऱ्या आयोवाने त्यांना उमेदवारीच्या शर्यतीतला पहिला विजय दिला, ही मोठी गोष्ट आहे आणि ती कुणी लहान करू नये. पण जून 2013 मध्ये, तेच अध्यक्ष असताना, सर्वोच्च न्यायालयाने 1965 च्या मतदानहक्क कायद्यातली, काही राज्यांनी मतदानाचे नियम बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी ही तरतूद 5 विरुद्ध 4 मतांनी निष्प्रभ केली. त्याच दिवशी टेक्ससने अडकून पडलेला मतदार ओळखपत्राचा कायदा लागू करत असल्याचं जाहीर केलं. नॉर्थ कॅरोलायनाने नवे निर्बंध आणले. 2016 मध्ये अपील न्यायालयाने ते रद्द केले आणि काळ्या मतदारांना जवळजवळ शस्त्रक्रियेच्या नेमकेपणाने हेरलं गेलं, असं निकालात नोंदवलं. राज्य तेच, 1898 चं.

आणि जुनं उकरू नका म्हणणाऱ्यांना. 1923 मध्ये याच सर्वोच्च न्यायालयाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंड यांना तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं. 1946 नंतरही स्थलांतर करणाऱ्या भारतीयांसाठी वर्षाला शंभरच्या आसपास जागा होत्या. ऑगस्ट 1965 मध्ये जॉन्सन यांनी मतदानहक्काच्या कायद्यावर सही केली, आणि 3 ऑक्टोबरला देशांवार कोटे मोडणाऱ्या स्थलांतराच्या कायद्यावर. अलाबामातल्या सेल्माच्या पुलावर मताचा हक्क मागताना ज्यांची डोकी फुटली त्यांच्या चळवळीने बदललेल्या त्याच काँग्रेसने हे दोन्ही कायदे केले. माझा व्हिसा, तुमचं ग्रीन कार्ड, न्यू जर्सीतला आपला गणपती, सगळं त्या दुसऱ्या कायद्याच्या वाटेने आलेलं आहे.

समेट झाले तेही जुनं बोलूनच. अलाबामाचे जॉर्ज वॉलेस 1958 ची निवडणूक कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या हिंसक संघटनेचा पाठिंबा असलेल्या उमेदवाराकडून हरले आणि त्यांनी वर्णद्वेषाची कडवी भाषा धरली. जानेवारी 1963 मध्ये गव्हर्नर म्हणून शपथ घेताना ते काळ्या-गोऱ्यांचं ‘विभाजन आज, उद्या, कायमचं’ असं गरजले, आणि जूनमध्ये दोन काळ्या विद्यार्थ्यांना अडवायला विद्यापीठाच्या दारात उभे राहिले. 1972 मध्ये गोळी लागून ते कायमचे चाकाच्या खुर्चीत आले. त्यांना भेटायला इस्पितळात गेल्या शर्ली चिझम, त्याच निवडणुकीतल्या काळ्या उमेदवार, आणि त्यासाठी त्यांनी आपल्याच समर्थकांचा रोष ओढवून घेतला. 1979 मध्ये वॉलेस किंग यांच्या जुन्या चर्चमध्ये गेले आणि त्यांनी क्षमा मागितली. 1995 मध्ये सेल्माच्या मोर्चाला तीस वर्षं झाली तेव्हा ते आंदोलकांसमोर बसले, किंग यांचे जुने सहकारी जोसेफ लोअरी यांचा हात हातात घेऊन. विद्यापीठाच्या दारात अडवलेल्या व्हिव्हियन मलोन यांनी पुढे वॉलेस कुटुंबाच्या प्रतिष्ठानचा पुरस्कार स्वीकारला. काहींनी क्षमा केली नाही, आणि तोही त्यांचाच हक्क होता.

थर्मंड यांचा धाकटा मुलगा पॉल 2010 मध्ये साउथ कॅरोलायनातून काँग्रेससाठी उभा राहिला. त्याला रिपब्लिकन प्राथमिक निवडणुकीत हरवलं टिम स्कॉट यांनी, कापूस वेचणाऱ्या काळ्या माणसाच्या नातवाने. स्कॉट आज सिनेटर आहेत. जून 2015 मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ काळी माणसं गोळ्या घालून मारली गेली. त्यांतले एक, क्लेमेंटा पिंकनी, राज्य सिनेटचे सदस्य होते. पॉल थर्मंडही त्याच सभागृहात होता. काही दिवसांनी तो उठला आणि विधानभवनासमोरचा कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे गुलामगिरीसाठी फुटून निघालेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा, उतरवा म्हणाला. गुलामगिरी टिकवण्यासाठी कुणी युद्ध कसं करू शकतं हे मला कळत नाही, या वारशाचा मला अभिमान नाही, असं तो बोलला. 10 जुलै 2015 रोजी तो झेंडा उतरला.