‘खोडरबर घासायचे 500 रुपये’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार सर,

तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं: पीसी चालू होत नव्हता, आधी एका ठिकाणी ‘मदरबोर्ड गेला’ असं सांगितलं होतं, आमच्याकडे एका पोराने रॅमला खोडरबर घासला आणि पाच मिनिटांत डिस्प्ले आला. तरी आम्ही मशीन दोन दिवस ठेवून घेतलं, 500 रुपये लावले आणि वर एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) बदलायला सांगितला. म्हणून ही लूट.

खोडरबर घासला, हे खरं आहे. त्याचे वेगळे पैसे लावलेले नाहीत. 500 रुपये हे तपासणी शुल्क आहे. मशीन घेतानाच ते पावतीवर लिहून तुम्हाला दाखवलं होतं आणि दोष काहीही निघाला तरी ते तेवढंच राहतं. तपासणीत काय झालं ते इथे सविस्तर लिहितो, कारण पावसाळ्यात रत्नागिरीत अर्ध्या घरांत हाच प्रश्न येतो आणि चांगले बोर्ड उगाच भंगारात जातात.

तुमचं मशीन आलं तेव्हा पंखे फिरत होते, स्क्रीन काळी, आवाज काही नाही. बटण दाबलं की एसएमपीएस आधी आपले व्होल्टेज ठीक असल्याचा सिग्नल बोर्डाला देतो, मग प्रोसेसर बायोस (बोर्डावरचा सुरुवातीचा प्रोग्राम) वाचतो आणि बायोस रॅम, डिस्प्ले अशी एकेक गोष्ट तपासत पुढे जातो. अडलं तर बीप देतो. पण हल्ली बऱ्याच कॅबिनेटमध्ये तो छोटा स्पीकरच नसतो, तुमच्यातही नव्हता. त्यामुळे बोर्ड ओरडत असला तरी ऐकू येत नाही आणि ‘बोर्ड मेला’ असा निष्कर्ष निघतो. आम्ही स्पीकर जोडला, रॅम पूर्ण काढली आणि मशीन चालू केलं. बीप आले. रॅम नाही अशी तक्रार करायला बोर्ड आणि प्रोसेसर दोघांनाही काम करावं लागतं, म्हणजे दोघेही जिवंत होते. हजारोंचा खर्च तिथेच टळला. रॅम काढूनही शांतताच असती, तर संशय बोर्ड, प्रोसेसर किंवा एसएमपीएसवर गेला असता.

मग एकच रॅम, एकच स्लॉट, असं आलटून पालटून बघितलं. दोन्ही रॅम दोन्ही स्लॉटमध्ये कधी चालायच्या, कधी नाही. रॅम खराब असती तर दोष तिच्याबरोबर फिरला असता, स्लॉट खराब असता तर जागेवर राहिला असता. इथे दोष रॅमच्या कडेच्या धातूच्या पट्ट्यांवर बसलेल्या थराचा होता. खाऱ्या, दमट हवेत मशीन बरेच दिवस बंद राहिलं की हे होतं. पट्ट्या पांढऱ्या मऊ खोडरबरने पुसल्या, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने, स्लॉट ब्रशने साफ केले. डिस्प्ले आला, तो तुम्ही पाहिलात.

तुम्ही गेल्यावर मशीनवर लोड टाकला, म्हणजे त्याला जड काम दिलं, आणि ते धाडकन रीस्टार्ट झालं. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नेल-पॉवर 41’ अशा नोंदी सापडल्या, म्हणजे नीट शट डाऊन न होता मशीन बंद पडल्याच्या. त्यातल्या कित्येक तुम्ही मशीन आमच्याकडे आणण्याआधीच्या तारखांच्या होत्या. म्हणून मशीन ठेवून घेतलं. रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारा प्रोग्राम) लावला, रॅममध्ये एकही एरर नाही. दुसऱ्या दिवशी एसएमपीएसची 12 व्होल्टची लाइन मोजली. रिकामी असताना व्यवस्थित, लोडवर 11.2. एटीएक्सच्या (पीसीच्या एसएमपीएसच्या) नेहमीच्या मानकाप्रमाणे इथे पाच टक्क्यांची सूट असते, म्हणजे 11.4 च्या खाली जायला नको. प्रोसेसरला वीज याच लाइनवरून मिळते. आमचा चाचणीचा एसएमपीएस लावून तोच लोड दिला, मशीन एकदाही पडलं नाही. हे सगळे आकडे तुमच्या पावतीच्या मागे लिहिलेले आहेत.

म्हणून एसएमपीएस बदला म्हटलं. आमच्याकडूनच घ्या असं कोणी म्हटलेलं नाही. तुम्ही नको म्हणालात, आम्ही जुनाच बसवून मशीन परत दिलं.

आणि ज्यांना तुम्ही पोरगा म्हणालात, त्यांनीच ‘बोर्ड बदलू नका’ हे ठामपणे सांगितलं. रॅमला हात लावण्याआधी प्लग काढणं, बटण दाबून उरलेला चार्ज घालवणं, कॅबिनेटच्या धातूला स्पर्श करणं, यातलं काहीही ते चुकवत नाहीत. दुकानातलं सगळ्यात नाजूक काम मी त्यांच्या हातात विश्वासाने देतो.

वाचणाऱ्या बाकीच्यांना एवढंच सांगतो: रॅम काढून पुसणं घरी जमण्यासारखं आहे, जरूर करा, त्यासाठी आमच्याकडे यायची गरज नाही. एसएमपीएसचा डबा मात्र उघडू नका. प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये तीनशेच्या वर व्होल्ट राहू शकतात.

सर, आमच्यावर विश्वास नसेल तर मशीन दुसऱ्या कोणाकडेही न्या. फक्त 12 व्होल्टची लाइन लोडवर मोजून द्या, असं सांगा. एसएमपीएसची हिरवी आणि काळी वायर जोडून नुसता त्याचा पंखा फिरवून दाखवला, तर त्यावरून लोडवर काय होतं ते कळत नाही. लोडवर 11.4 च्या वर रीडिंग आलं आणि त्यांनी तसं लिहून दिलं, तर तो कागद घेऊन या, 500 रुपये परत देतो. तोपर्यंत त्या मशीनवरच्या कामाच्या फाइल रोज पेनड्राइव्हवर घेत चला. लिहिता लिहिता वीज तुटली तर हार्ड डिस्कवरचा डेटा बिघडू शकतो, आणि तो परत मिळेलच असं कुठलंही दुकान सांगू शकत नाही.