‘अँटासिड नको म्हणता आणि मातीत औषध भरता?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

मॉन्टमोरिलोनाइट या चिकणमातीत अँटिबायोटिक भरून ते जखमेत किंवा हाडात ठेवण्याबद्दल मी लिहिलं होतं. तुम्ही औषधाच्या दुकानात रोज काउंटरवर असता, तेव्हा हा चिमटा बसणारच होता. तुम्ही लिहिलंय, ‘सिप्रोफ्लॉक्सासिनबरोबर अँटासिड घेऊ नका हे आम्ही घसा कोरडा करून सांगतो, आणि तुम्ही अँटिबायोटिक मातीतच भरायला निघालात! वर ते हळूहळू सुटणार, म्हणजे जिवाणूंना आयती शिकवणीच.’

अँटासिडमध्ये ॲल्युमिनियम-मॅग्नेशियमचे आयन सुटे होऊन औषधाला जखडतात, मग ते नीट शोषलं जात नाही. मॉन्टमोरिलोनाइटमध्ये हे धातू बहुतांशी स्फटिकातच बांधलेले असतात. औषध बसतं ते जेमतेम 1 नॅनोमीटर जाडीच्या ऋणभारित थरांमधल्या फटीत, सोडियम किंवा कॅल्शियमची जागा घेऊन. (आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, तीही याच घराण्यातल्या खनिजांमुळे.) तरी पोटात गेलेली माती इतर औषधं शोषते, हे खरंच. म्हणून तर मी गोळीबद्दल नाही, जखमेत किंवा हाडात ठेवायच्या औषधाबद्दल लिहिलं होतं.

शिकवणीचा, म्हणजे कमी मात्रेत जिवाणू औषधाला सरावतील, हा आक्षेप मात्र वजनदार आहे. पृष्ठभागावरचं औषध आधी भसकन सुटतं, मग वेग मंदावतो आणि बराच साठा आतच अडकतो. फटीतून बाहेर पडायला बदली आयन लागतो. डिस्टिल्ड पाण्यात फारसं सुटत नाही, मिठाच्या पाण्यात सुटतं. शुद्ध पाण्यातले आलेख दाखवून शरीराबद्दल दावे करणारे निबंध मी सरळ बाजूला ठेवतो.

पण हाडाच्या शस्त्रक्रियेत कित्येक वर्षं वापरात असलेल्या जेंटामायसिन हे अँटिबायोटिक मिसळलेल्या सिमेंटमध्येही हेच होतं. रेंगाळणारी कमी मात्रा तिथेही आहेच, आणि त्याचे मणी वापरले तर ते काढायला पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते.

माझं म्हणणं असं, की ‘हळूहळू’ हा सगळ्याच अँटिबायोटिक्सचा गुण नाही. पेनिसिलिनला मात्रा एमआयसीच्या (जिवाणूंची वाढ रोखणाऱ्या किमान मात्रेच्या) वर जास्त वेळ टिकायला हवी. जेंटामायसिन मारतं ते उंच मात्रेने. त्याच्या बाबतीत सुरुवातीचा तो भसका मला हवाच आहे. छाटायची ती मागून रेंगाळणाऱ्या कमी मात्रेची शेपटी. संशोधक नेमकं उलट करतात.

मातीवर प्रक्रिया करताना चतुर्थक अमोनियम क्षार (जंतुनाशकांत असतात ते) वापरले तर ते शरीराच्या पेशींनाही बाधतात, त्यापेक्षा कोळंबी-खेकड्यांच्या कवचापासून मिळणारं कायटोसान बरं.

तुम्ही मातीत असू शकणाऱ्या शिशाचा मुद्दा काढला नाहीत याचं नवल वाटलं. 2019 मध्ये फ्रान्सच्या औषध नियामकाने याच कारणासाठी जुलाबावरची डायोस्मेक्टाइट माती 2 वर्षांखालच्या मुलांना देऊ नका असं सांगितलं. तुमच्या जागी मी असतो तर तिथूनच सुरुवात केली असती.