ब्लॉकेज विरघळवणारी पावडर

वडोदऱ्याच्या कमाटीबागेत सकाळी फिरायला येणाऱ्या आमच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एकच मेसेज तीनदा आला, दोनदा मराठीत आणि एकदा गुजरातीत. रोज चार मिनिटांचा खास व्यायाम करा, चमचाभर आर्जिनिन पावडर घ्या, वर बीटाचा रस प्या. नायट्रिक ऑक्साइड वाढतं, नसांमधलं ब्लॉकेज विरघळतं, बीपीच्या गोळ्या सुटतात. याला नोबेल मिळालंय, पण डॉक्टर सांगत नाहीत.

दांडिया बाजारात औषधाच्या दुकानात काउंटरमागे तीस वर्षं काढली, त्यामुळे "काकू, घेऊ का?" हा प्रश्न माझ्याकडेच येतो.

नोबेल मिळालं, हे खरं. १९९८ साली फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद या तिघांना. फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या तुकड्यांवर प्रयोग करत होते. आतलं नाजूक अस्तर शाबूत असलं की औषधाने धमनी सैल पडायची, अस्तर खरवडलं गेलं की पडायची नाही. म्हणजे अस्तराकडून स्नायूला काहीतरी निरोप जात होता. तो निरोप म्हणजे नायट्रिक ऑक्साइड हा वायू. नोबेल या उलगड्याचं आहे, पावडरीच्या डब्याचं नाही. आणि डॉक्टर लपवतात म्हणावं, तर छातीत दुखलं की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट हाच वायू पुरवते. तिच्याच जातीचं नायट्रोग्लिसरीन अँजायनावर, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखतं त्यावर, चालतं, हे लंडनच्या डॉ. मरेल यांनी १८७९ मध्ये छापून आणलं. आपली कमाटीबागही त्याच सालची. गुपित म्हणायला जरा जुनंच झालं.

ब्लॉकेज 'विरघळतं' म्हणणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गाळ साचलेला नळ असतो. प्रत्यक्षात चरबी, तंतू आणि कॅल्शियमचा थर धमनीच्या भिंतीच्या आत मुरलेला असतो. नायट्रिक ऑक्साइड भिंतीतला स्नायू सैल करतं, रक्ताच्या चकत्या (प्लेटलेट) चिकटू देत नाही. हे मोलाचं काम आहे, पण थर खरवडायचं काम ते करत नाही.

आता पावडर. आर्जिनिन म्हणजे प्रथिनांमधला एक घटक. अस्तर त्याच्यापासूनच हा वायू बनवतं, म्हणून आर्जिनिन जास्त खाल्लं की वायू जास्त, असा हिशेब मांडला जातो. पण रक्तात आर्जिनिन आधीच गरजेच्या कितीतरी पट असतं. ते डाळीत आहे, शेंगदाण्यात आहे. अस्तर बिघडलं असेल तर अडचण कच्च्या मालाची नसते, कारखान्याची असते. वर तोंडाने घेतलेल्या आर्जिनिनचा बराचसा भाग आतडी आणि यकृतच मोडून टाकतात. हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १५३ रुग्णांवर अमेरिकेत याची चाचणी झाली, निष्कर्ष २००६ मध्ये आले. सहा महिने द्यायचं होतं. धमन्यांचा ताठरपणा कमी झाला नाही, हृदयाची ताकद वाढली नाही. आर्जिनिन घेणाऱ्यांत सहा जण दगावले, आर्जिनिन न घेणाऱ्या गटात एकही नाही, आणि चाचणीत नवे रुग्ण घेणं थांबवलं. चाचणी छोटी होती, त्यामुळे पावडरीनेच ते गेले असं मी छातीठोक म्हणणार नाही. पण मेसेज नेमका ज्यांना ही पावडर घ्यायला सांगतो, त्यांच्यावरच ती करून पाहिली होती.

व्यायामाबद्दल मेसेज निम्मा बरोबर आहे. रक्त जोरात वाहिलं की अस्तराला घासत जातं आणि त्या घर्षणाने वायू सुटतो. आठवडेच्या आठवडे चालत राहिलं तर तो बनवणारं यंत्रही वाढतं. मात्र तयार झालेला वायू काही सेकंदांत संपतो. सकाळी चार मिनिटं हात हलवून दिवसभराची शिदोरी बांधता येत नाही. आठवड्याला किमान १५० मिनिटं भरभर चालणं, हा जुनाच हिशेब आहे. (बाकावर बसून गप्पा मारणं त्यात धरायचं नाही, हे आमच्या ग्रुपसाठी.)

बीटाला मात्र मी नावं ठेवणार नाही. त्यातल्या नायट्रेटचं रूप जिभेवरचे जिवाणू बदलतात आणि पुढे त्याचाच वायू होतो. रस नियमित घेतला तर वरचं बीपी थोड्या अंकांनी उतरतं, असं अनेक चाचण्यांत दिसलंय. पालकातही नायट्रेट भरपूर असतं. गंमत म्हणजे जंतुनाशक माउथवॉशने रोज चुळा भरल्या की तेच जिवाणू मरतात आणि रसाचा हा गुण बराचसा जातो. मुतखडा झालेल्यांनी मात्र डॉक्टरांना विचारूनच प्यावा.

गोळ्या सोडण्याचं वाक्य सगळ्यात वाईट. थोडे अंक उतरणं म्हणजे औषधाची गरज संपणं नव्हे. सॉर्बिट्रेट चालू असणाऱ्यांनी तर डॉक्टरांना सांगितल्याशिवाय वरून पावडर घेऊच नये. बीपी एकदम कोसळू शकतं. पुरुषांच्या 'ताकदीच्या' गोळ्यांत अनेकदा सिल्डेनाफिल असतं, ते सॉर्बिट्रेटबरोबर जीवघेणं ठरतं. काउंटरवर हे विचारताना समोरचा लाजायचा, तरी मी विचारायचेच.

आमच्यातल्या एका काकांनी मेसेज वाचून चार दिवस गोळी बंद ठेवली होती. काल बागेतच बाकावर बसवून बीपी मोजलं, वरचं १७२ निघालं. संध्याकाळी त्यांची सून त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. पावडरीचा डबा दुकानदार परत घेईल का, हे ते आज मला विचारत होते.