निघायला अजून बराच वेळ आहे

निवृत्तीनंतर लांबच्या प्रवासाला निघायचं ठरवलंय? दोघांनीच? तीन महिने? वा! मग आधी एक करा, निघायची तारीख सगळ्या नातेवाइकांना किमान दीड महिना आधी कळवून टाका. तारीख पोटात ठेवणारी काही जोडपी असतात. ती बॅगा भरतात, दाराला कुलूप लावतात आणि निघून जातात. इतका कोरडेपणा बरा नव्हे. तुम्ही तारीख सांगाच. मग बघा, चार-चार वर्षं धूळ खात पडलेली कामं कशी अंग झटकून उभी राहतात.

प्रत्येक कामाच्या पुढे तीन शब्द लावलेले असतील : ‘तुम्ही जायच्या आधी’. तुम्ही जायच्या आधी ते जुने कागद एकदा लावून देता का? तुम्ही जायच्या आधी आत्याला भेटून या, तिचं वय झालंय. (आत्या आमच्यापेक्षा चार वर्षांनी मोठी, आणि तिला आधी फोन केल्याशिवाय गाठणं अशक्य, ती घरात नसतेच.) तुम्ही जायच्या आधी माळा आवरून टाकू. हे शेवटचं वाक्य अनेकवचनी असलं तरी माळ्यावर चढणारा माणूस एकच असतो, आणि त्याचे गुडघे अडुसष्ट वर्षांचे असतात.

कोणालाही नाही म्हणू नका. आपण आता मोकळेच आहोत ना? नोकरीत असताना ‘आज मीटिंग आहे’ एवढं म्हटलं की सुटका व्हायची. निवृत्त माणसाला ती सोय नाही. त्याने फार तर ‘बघतो’ म्हणावं, आणि घरच्या शब्दकोशात ‘बघतो’ म्हणजे हो.

आता नातवंडं. इथे मुलीच्या बुद्धीला दाद दिली पाहिजे. तिने कधीही ‘मुलांना सांभाळाल का’ असं विचारलं नाही. ती म्हणाली, “बाबा, तीन महिने तुम्हाला मुलांची किती आठवण येईल! त्यापेक्षा आत्ताच आठ दिवस पोटभर सोबत घ्या.” आमच्या हिचे डोळे भरून आले. माझेही आले असते, पण मी जावयाच्या चेहऱ्याकडे बघत होतो. तिथे सुट्टी लागल्याचा आनंद मावत नव्हता. ही बातमी मुलाच्या घरी गेल्यावर सुनेनेही ठरवलं की एका बाजूच्या नातवंडांना आजी-आजोबा जास्त मिळाले तर ते न्यायाला धरून होणार नाही. तेव्हा पोटभर सोबत चौघांची झाली.

मुलं घरात असताना बॅग भरायला घेणं हा अनुभव अजिबात चुकवू नका. उघडी बॅग ही लहान मुलांसाठी घर, होडी, दवाखाना आणि लपायची जागा असते. आम्ही सकाळी भरायचो, दुपारी ते रिकामी करायचे. एकदा सर्वांत धाकटा सापडेना. पाच मिनिटं आमच्या जिवात जीव नव्हता. मग माझ्या लोकरीच्या टोपीने शिंक दिली. त्या टोपीवर अजून शेंबडाचा डाग आहे. ही म्हणते, धुऊ नका, आठवण म्हणून राहू दे.

या धावपळीचं शास्त्रसुद्धा आहे. १९५५ साली पार्किन्सन नावाच्या इंग्रज गृहस्थांनी नियम मांडला, की हाताशी जेवढा वेळ असेल तेवढं काम फुगतं. उदाहरण दिलं ते एका निवांत आजीबाईंचं. भाचीला एक पोस्टकार्ड पाठवायचं, तर त्यांचा अख्खा दिवस त्यातच जातो. कार्ड शोधण्यात तास, चष्मा शोधण्यात आणखी तास, आणि टपालपेटीपर्यंत जाताना छत्री घ्यावी की नाही यात वीस मिनिटं. निरीक्षण उत्तम, पण साहेबांनी आजीबाईंचा नवरा धरला नाही. तो घरी असता तर चष्मा त्यानेच उचलून भलतीकडे ठेवला असता, छत्रीवरून दोघांचं वाजलं असतं, आणि पोस्टकार्ड दुसऱ्या दिवशी गेलं असतं.

यादी करणार असाल तर दोघांनी वेगवेगळी करा. एकच यादी केली तर कामं संपण्याचा धोका असतो. माझी यादी मोबाइलमध्ये होती, हिची एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर. माझ्या यादीत ‘विमा’ होता, हिच्या यादीत ‘यांना विम्याची आठवण करणे’ होती. आठ दिवस दोघंही समाधानात होतो, कारण विमा दोन्हीकडे लिहिलेला होता. नवव्या दिवशी कळलं की तो कुठेच काढलेला नव्हता.

कागदपत्रं शेवटच्या आठवड्यासाठी राखून ठेवा. पासपोर्टची मुदत अजून चार महिने आहे हे बघून खूश व्हा. पुष्कळ देशांना ती प्रवासाच्या तारखेपुढे सहा महिने हवी असते, ही माहिती तुम्हाला कोणीतरी अगदी शांत आवाजात देईल. पीतज्वराची लस लागणाऱ्या देशात जात असाल तर आणखी मजा आहे. त्या लशीचं प्रमाणपत्र टोचल्यावर दहा दिवसांनी लागू होतं. आता ते जन्मभर चालतं, पण ते पहिले दहा दिवस कोणाच्याही ओळखीने कमी होत नाहीत.

औषधं. इथे आमचा हात कोणी धरणार नाही. नियम असा, की गोळ्या मूळ वेष्टनात ठेवाव्यात, डॉक्टरांची चिठ्ठी औषधाच्या मूळ नावांसह जवळ असावी, आणि पुरेसा साठा हातातल्या बॅगेत असावा. मोठी बॅग हरवली तर निदान रक्तदाब तरी आपल्यापाशी राहतो. तुम्ही मात्र सगळ्या गोळ्या पाकिटांतून सोडवून एका सुबक डबीत भरा. जागा वाचते. सकाळची पांढरी, दुपारची पांढरी, रात्रीची पांढरीच पण जरा जाड. जाड कोणती, यावर मतभेद झाले की दोघांनीही अर्धी-अर्धी घेऊ, असं आमची ही म्हणाली होती. ती चेष्टा होती असं मी धरून चाललोय.

आता वजनाकडे येऊ, कारण शेवटी सगळ्या घराचं प्रेम किलोतच मोजलं जातं. साध्या वर्गाच्या तिकिटावर बहुतेक विमान कंपन्या एका बॅगेला तेवीस किलो देतात. तुमचे कपडे, औषधं, चपला मिळून सतरा होतात. उरलेले सहा किलो तुमचे आहेत असा समज करून घेऊ नका. ते वाटेत राहणाऱ्या पुतण्याचे आहेत, मेहुणीच्या मैत्रिणीच्या मुलीचे आहेत, आणि ‘अगदी छोटंसंच आहे हो’ म्हणत शेवटच्या संध्याकाळी येणाऱ्या गृहस्थांचे आहेत. त्यांचं पुडकं कधी उघडून बघू नका. फार तर आत काय आहे ते विचारा. ते म्हणतील, “काही नाही, असंच.” विमानतळावर ‘बॅग तुम्ही स्वतः भरली का’ असा प्रश्न येतो तेव्हा हे उत्तर फार उपयोगी पडतं.

बॅगेचं वजन करताना आधी स्वतः काट्यावर उभं राहा, मग बॅग उचलून उभं राहा, आणि वजाबाकी करा. वजाबाकी बरोबर येते. पण त्यानिमित्ताने पहिला आकडा सगळ्यांना दिसतो आणि पुढचा अर्धा तास बॅग राहते बाजूला. आमची बॅग साडेसव्वीस भरली. जादा पैसे भरून बत्तीसपर्यंत जाता येतं. त्यापुढे मात्र बहुतेक ठिकाणी पैसे देऊनही एक बॅग घेत नाहीत, ती उचलणाऱ्याच्या पाठीचा विचार असतो. आमच्या घरात पाठीचा विचार झाल्याचं ते पहिलंच उदाहरण.

मग साडेतीन किलो काढायचे. काय काढलं? माझे बूट, माझं पुस्तक आणि माझा पॉवर बँक. त्यातलं शेवटचं बरोबर होतं, कारण पॉवर बँक मोठ्या बॅगेत चालतच नाही. तो हातातल्या बॅगेत लागतो आणि साधारणपणे शंभर वॅट-अवरपर्यंतच. वीस हजार मिलिअँपिअर-अवरचा म्हणजे सुमारे चौऱ्याहत्तर, म्हणजे चालतो. हे सगळं मी हिला गणितासह समजावलं. ती म्हणाली, “हो का,” आणि त्या जागी ‘अगदी छोटंसंच’ बसवलं. तीच गत तेलाच्या बाटलीची. हातातल्या बॅगेत शंभर मिलिलिटरचा नियम २००६ साली आला, अजूनही बऱ्याच विमानतळांवर आहे, आणि तो बाटलीच्या मापाला लागतो, आतल्या तेलाला नाही. दोनशेच्या बाटलीत तळाशी पन्नास उरलंय, हा युक्तिवाद मी तपासणीच्या रांगेत करून पाहिलाय. ऐकून घेणारा फार सभ्य होता.

घर कोणाच्या तरी हवाली करताना वही करा. आमची वही चौदा पानांची झाली. कुठला नळ अर्धाच फिरवायचा, कुठलं दार उचलून लावायचं, कुठल्या कुंडीला रोज आणि कुठलीला दिवसाआड, वीज गेली तर काय, आणि वीज आली तर काय. बेचाळीस वर्षांच्या संसारात एकमेकांना न सांगितलेल्या कितीतरी गोष्टी त्या वहीत पहिल्यांदा लिहिल्या गेल्या. मधल्या खोलीचा पंखा तीनवर ठेवला तर आवाज करतो म्हणून मी तो चारवर ठेवत होतो, हे हिला त्या दिवशी कळलं. गेली अकरा वर्षं ती थंडी वाजते म्हणून पांघरूण बदलत होती. शेजारच्या मुलीने वही हातात घेतली, पहिलं पान वाचलं आणि विचारलं, “म्हणजे झाडांना पाणी घालायचं, बरोबर?”

हे सगळं करण्यामागे एक मोठा लाभ आहे. २०१० मध्ये नेदरलँड्समधल्या पंधराशे तीस माणसांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात दिसलं, की सुट्टीवर जाणारी माणसं इतरांपेक्षा जास्त आनंदी असतात ती निघायच्या आधी. परत आल्यावर बहुतेकांच्या बाबतीत काही फरक उरत नाही. म्हणजे प्रवासातला खरा आनंद हे आधीचेच दिवस. तेव्हा या दिवसांत पाच मिनिटं निवांत बसून नकाशा उघडाल आणि ‘अगं, हे बघ, इथे आपण जाणार’ असं म्हणाल, तर सावध व्हा. आमच्याकडून ही चूक एकदा झाली होती. रात्री साडेअकराला, मुलं झोपल्यावर. हिने चष्मा लावून नकाशावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “इतकं लांब?” तेवढ्यात फोन वाजला. सुनेला इस्त्री कुठे ठेवलीय ते हवं होतं. इस्त्री तिच्याच घरची होती.

विमानात बसण्याची काळजी करू नका. चार तासांहून लांबच्या प्रवासात हालचाल न करता बसून राहिलं तर रक्तात गाठ होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो, असं जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितलं. मूळ धोका लहान आहे, तरी अधूनमधून उठून चालावं, पाय हलवावेत. पण पंधरा दिवसांनी पहिल्यांदा टेकायला मिळालेल्या माणसाला हे सांगायचं कोणी? मी खुर्चीत बसलो आणि मला वाटलं, हेच ते ठिकाण, इथेच यायचं होतं.

परतीची तारीखसुद्धा आत्ताच जाहीर करून ठेवा. अनेक काळपट्टे, म्हणजे टाइम झोन, ओलांडून आल्यावर शरीराचं घड्याळ सावरायला ढोबळमानाने पट्ट्यामागे एक दिवस लागतो, आणि पूर्वेकडे आल्यावर जरा जास्तच. आमचा हिशेब नऊ दिवसांचा निघाला. मी तो मुलीला फोनवर नीट सांगितला. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

“पण विमान पहाटेच उतरतंय ना बाबा? म्हणजे नऊपर्यंत तुम्ही घरी. मी मुलांना साडेनऊला आणून सोडते.”

फोन स्पीकरवर होता. ही पलीकडून बॅगेवर बसून चेन ओढत होती. तिथूनच ओरडली, “साडेनऊ कशाला? नऊलाच आण.”