साप चावल्यावर मूळ उगाळत बसू नका

"सर्पदंशावर शंभर टक्के रामबाण" हा मेसेज पावसाळा तोंडावर आला की दरवर्षी फिरायला लागतो. यंदा तो आमच्या वाडीच्या ग्रुपवर आला आणि तिथून माझ्या मामीकडे पोचला. मामीने तो मला पाठवला आणि खाली व्हॉइस टाकला, "गो बाय, ह्यां खरां असा काय? एक मूळ परड्यात लावून ठेवतंय, लावणीत उपयोगी पडात." मामी साठीच्या पुढची आहे, अजून तरवा काढायला स्वतः चिखलात उतरते, गडग्याच्या कडेने अनवाणी जाते येते, म्हणजे ज्यांना साप चावायची खरी शक्यता आहे त्यांच्याच हातात हा मेसेज जातोय. मी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात लॅबमध्ये काम करते, साप चावलेल्या माणसाचं रक्त पहिल्यांदा माझ्या हातात येतं, त्यामुळे हे थोडं चिडूनच लिहितेय, समजून घ्या.

मेसेजमध्ये काय आहे ते थोडक्यात सांगते. साप चावला की आधी कडुनिंबाचा पाला खायला द्या, कडू लागला तर विष नाही, गोड किंवा बेचव लागला तरच विष चढलंय असं समजा. मग वरती दोरी आवळून बांधा, ब्लेडने चिरा पाडून रक्त काढा. सर्पगंधाचं मूळ उगाळून दर पंधरा मिनिटांनी पाजा, ते नसेल तर काजऱ्याचं मूळ. तीन तास काही होत नाही, घाबरून दवाखान्यात पळू नका, तिथलं इंजेक्शन घोड्याच्या रक्तापासून बनवतात, त्याच्या रिअॅक्शननेच माणूस जातो. हे सगळं आपल्या पूर्वजांना माहिती होतं पण औषध कंपन्यांनी दाबून ठेवलं. आणि शेवटी, परसात सर्पगंधा लावा, साप फिरकणार नाही.

सुरुवात कडुनिंबापासून करते, कारण सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतो. कोकणात चावणारा विषारी साप म्हटलं की सगळ्यात आधी फुरसं. ब्रिटिशांच्या काळात रत्नागिरी जिल्ह्यात फुरशी मारून आणणाऱ्याला सरकार बक्षीस द्यायचं इतकी ती होती, आणि आजही चिऱ्याच्या ढिगात, काजूच्या पाचोळ्यात, वरकस जमिनीवरच्या दगडाखाली ती आहेतच. फुरशाचं विष काय करतं, तर रक्त गोठण्यासाठी अंगात जे घटक असतात ते संपवून टाकतं. घोणशीचंही तेच. जिभेच्या चवीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही. माणसाला कडुनिंब कडूच लागणार, तो घरी ओटीवर बसून चहा पिणार, बोलणार, आणि आतमध्ये रक्त गोठायचं बंद झालेलं असणार. मग हिरड्यांतून रक्त, लघवीतून रक्त, किडनीवर परिणाम, आणि कधी कधी डोक्यात रक्तस्राव. पाला कडू लागला म्हणून निर्धास्त राहिलेला माणूस आमच्याकडे दुसऱ्या दिवशी येतो तेव्हा हे असं झालेलं असतं.

आम्ही काय करतो ते सांगते, त्यात लपवण्यासारखं काही नाही. काचेची स्वच्छ कोरडी टेस्ट ट्यूब घ्यायची, काचेचीच, प्लास्टिकची चालत नाही. त्यात पेशंटच्या शिरेतून काढलेलं दोनेक मिली ताजं रक्त घालायचं आणि वीस मिनिटं ती हलवायची नाही, डुलवून बघायची नाही, नुसती उभी ठेवायची. वीस मिनिटांनी ट्यूब एकदा आडवी करायची. रक्ताचा गोळा जागेवर राहिला तर निदान त्या घडीला तरी रक्त गोठतंय, आणि रक्त पाण्यासारखं काचेवरून वाहत गेलं तर विष कामाला लागलंय, अँटीव्हेनम (सापाच्या विषावरचं इंजेक्शन) लगेच सुरू. टेस्ट चांगली आली तरी पेशंटला घरी सोडत नाहीत, चोवीस तास नजरेखाली ठेवून ती परत परत करतात. या टेस्टला मशीन लागत नाही, वीजही लागत नाही, ती प्राथमिक आरोग्य केंद्रातसुद्धा होते. मी स्वतः अशी ट्यूब आडवी केलीय जिच्यातलं रक्त सरळ वाहून गेलं आणि तो माणूस शेजारच्या बाकावर बसून "माका काय झाला नाय, सोडा घराक" म्हणत होता. त्याच्या तोंडाला तेव्हा पाल्याचाच वास येत होता. अँटीव्हेनम मिळालं म्हणून तो वाचला.

आता मूळ उगाळून पाजणं. मी झाडपाल्याच्या विरोधात नाही, माझ्या आजीने आम्हाला कुड्याच्या शेंगांची भाजी खायला घालून आणि मुरुडशेंग उगाळून चाटवून वाढवलंय, मुरगळलेल्या पायाला निर्गुडीच्या पाल्याचा शेक मी आजही घेते. आणि सर्पगंधा हे तर खरोखर औषध आहे, ते मान्यच करते. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधाने ब्लड प्रेशर कमी होतं हे पेशंटवर दाखवून ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं, जगभरच्या डॉक्टरांचं लक्ष तिकडे त्यानंतर गेलं, आणि १९५२ मध्ये सिबा या कंपनीने त्यातून रिसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं. म्हणजे कंपनीने दाबून ठेवलं हा मुद्दा इथेच संपतो, कंपनीने ते गोळ्या करून विकलं.

पण नीट वाचा, हे औषध ब्लड प्रेशर खाली आणतं आणि गुंगी आणतं. घोणस किंवा फुरसं चावलेल्या माणसाचं प्रेशर रक्तस्रावाने आधीच पडायच्या बेतात असतं, त्यात तुम्ही ते अजून पाडणारं मूळ पाजणार? आणि नाग किंवा मण्यार असेल तर गोष्ट आणखी वाईट, कारण ते विष स्नायू लुळे पाडतं, आधी पापण्या जड होतात, मग बोलणं अडखळतं, मग घोट गिळता येत नाही, मग श्वास थांबतो. त्यात मूळ पोटात गेल्यावर गुंगी आलेली ही मुळाची की विषाची हे डॉक्टरने कसं ओळखायचं? घोट गिळता येत नाही त्या माणसाच्या तोंडात दर पंधरा मिनिटांनी तुम्ही उगाळलेलं पाणी ओतताय, ते पोटात जात नाही, फुप्फुसात जातं. काय पाजताय हा प्रश्नच नाही, गंगाजळ पाजलंत तरी तेच होणार.

काजऱ्याबद्दल तर ज्याने लिहिलं त्याला शोधून विचारावंसं वाटतं. काजरा म्हणजे कुचला, त्यात स्ट्रिक्निन हे जहाल विष असतं, त्याने धनुर्वातासारखे झटके येऊन माणूस मरतो. आयुर्वेदातसुद्धा कुचला शोधन केल्याशिवाय, म्हणजे त्यातलं विष कमी केल्याशिवाय वापरत नाहीत, आणि तेही जाणकार वैद्य मोजून मापून देतो. सड्यावरचं काजऱ्याचं मूळ उपटून सहाणेवर उगाळून द्या असं कुठलाही वैद्य सांगणार नाही.

दोरी आणि ब्लेडबद्दल फार लिहीत नाही. घट्ट आवळलं की पायाचा रक्तपुरवठा बंद होतो आणि पाय गमवायची वेळ येते, आणि ज्याचं रक्त गोठत नाहीये त्याला तुम्ही चिरा पाडलात तर ते रक्त थांबवणार कसं? चोखून तर अजिबात काही निघत नाही.

घोड्याच्या रक्ताचं मात्र अर्धं खरं आहे. घोड्याला थोडं थोडं विष देतात, त्याच्या रक्तात त्याविरुद्ध प्रतिपिंडं तयार होतात, ती शुद्ध करून अँटीव्हेनम बनतं. आपल्याकडे मुंबईचं हाफकिन अनेक वर्षं ते बनवतंय. रिअॅक्शनही येते, खाज, अंगावर गांध्या, कधी प्रेशर पडतं, हेही खरं. म्हणून तर ते दवाखान्यातच देतात, उशाशी अॅड्रेनालिन भरून ठेवून, आणि रिअॅक्शन आली की ती आटोक्यात आणता येते. अजून एक मान्य करते, आपलं अँटीव्हेनम नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चारांवरच आहे, आंबोलीकडे दिसणाऱ्या चापडा या विषारी सापावर ते चालत नाही. विषही बहुतेक तमिळनाडूच्या इरुळा लोकांच्या सहकारी संस्थेकडून येतं, आणि एकाच जातीच्या सापाचं विष प्रदेशाप्रमाणे थोडं वेगळं असतं, त्यामुळे काही ठिकाणी डोस जास्त लागतो. या त्रुटी आहेतच, पण म्हणून मूळ उगाळायचं हे कुठून आलं?

"तीन तास काही होत नाही" या एका वाक्याने किती माणसं जात असतील. सांगते. भारतात २००१ ते २००३ मधल्या सुमारे १ लाख २३ हजार मृत्यूंची घरोघर जाऊन चौकशी करून एक मोठा अभ्यास झाला, तो २०११ साली प्रसिद्ध झाला. त्यातला अंदाज असा की सर्पदंशाने देशात वर्षाला ४६ हजारांच्या आसपास माणसं मरतात, त्यातली ९७ टक्के खेड्यातली, सगळ्यात जास्त जून ते सप्टेंबरमध्ये, आणि दवाखान्यात झालेले मृत्यू फक्त २३ टक्के. बाकीची माणसं घरी, वाटेत, कुणाच्या तरी अंगणात गेली. दवाखान्यातलं इंजेक्शन माणूस मारतं म्हणणाऱ्यांनी हा आकडा दोनदा वाचावा.

मग "आमच्याकडचा वैदू इतक्या लोकांना बरं करतो ते कसं" हे कोणीतरी विचारणारच. आपल्याकडे चावणारे बरेचसे साप बिनविषारी असतात, दिवड, धामण, नानेटी, कवड्या, आणि कवड्याला तर लोक मण्यारच समजतात. विषारी सापसुद्धा कधी कधी चावून विष सोडत नाही. ही माणसं पाला दिला नसता तरी वाचलीच असती. आणि ज्यांच्या अंगात खरंच विष गेलं होतं त्यांच्याबद्दल "आयुष्यच तेवढं होतं" म्हणून विषय संपतो.

"डॉक्टरांना गावचं काही कळत नाही" असंही मेसेजखाली कोणीतरी लिहिलं होतं. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात होते, तिथे लाल विंचू चावलेल्या पेशंटच्या उशाशी रात्र रात्र बसून त्यांनी काय होतं ते बघितलं, प्राझोसिन ही ब्लड प्रेशरची गोळी वापरली आणि विंचूदंशाचे मृत्यू कुठल्या कुठे खाली आणले. गावातच बसून केलेलं काम आहे हे, २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली.

सर्पगंधाने साप पळतो यात काही तथ्य नाही, साप उंदीर आणि बेडकांच्या मागे येतो, लाकडं आणि नारळाच्या सोडणांचा ढीग घराला लागून असेल तर येणारच. वर सर्पगंधा आधीच जंगलातून ओरबाडून संपत चाललीय, तिची मुळं अशी उपटत फिरू नका.

साप चावला तर आधी जोडवी, पैंजण, बांगड्या, अंगठ्या काढा, सूज चढली की त्या रुतून बसतात. पाय असेल तर फळी किंवा छत्री लावून ओढणीने सैलसर बांधा, हलवू नका, चालवत नेऊ नका, उचलून न्या. १०८ ला फोन करा, गाडी लांब असेल तर कोणाची रिक्षा मिळेल ती पकडा. साप मारण्यात वेळ घालवू नका, लांबून फोटो मिळाला तर मिळाला. पहाटे पोटात दुखतंय आणि पापण्या मिटताहेत, अंगावर चावल्याची खूण नाही, आणि माणूस रात्री जमिनीवर झोपला होता, तर मण्यार समजून तसंच उचला. आणि लावणी सुरू व्हायच्या आत तुमच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन विचारून या की अँटीव्हेनमच्या वायल्स (छोट्या बाटल्या) किती शिल्लक आहेत आणि रात्री ड्युटीला कोण असतं, सुरुवातीलाच आठ-दहा वायल्स लागतात. नसतील तर ग्रामसभेत विषय काढा, जवळ कुठे मिळतं ते विचारून घ्या आणि वाडीच्या ग्रुपवर तो नंबर टाका.